येणारी बाजू

कृष्णाकाठ छायाचित्र मंडळात 'चूक' हा शब्द उच्चारायला बंदी होती. बंदी घातली होती कुमुदिनी थोरवडे यांनी. कराडच्या शाळेत बत्तीस वर्षं चित्रकला शिकवून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. कागदावर लाल फुली पडलेलं पोर पुन्हा तो कागद हातात घेत नाही. म्हणून मंडळाचे दोन नियम. फोटोवर बोलणाऱ्याने 'इथे चुकलंय' म्हणायचं नाही, 'इथे माझी नजर अडखळली' असं म्हणायचं. आणि ज्याचा फोटो आहे त्याने बोलणं संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. खुलासा करायचा नाही, आभारही मानायचे नाहीत.

नियम चांगले होते. दहा वर्षांत मंडळ आठ माणसांवरून साठावर गेलं, आणि रुसून सोडून गेलेला एकही सभासद बाईंना आठवत नव्हता. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून दोन रविवारी सकाळी बैठक भरायची, भिंतीवर फोटो उमटायचा आणि बाई बोलायच्या. लोक वही घेऊन यायचे.

दोन वर्षांपूर्वी मंडळात एक यंत्र आलं. पुण्याच्या काही तरुणांनी हौशी फोटोग्राफरांना सल्ला देण्यासाठी बनवलेलं, हातात मावणाऱ्या पाटीएवढं. त्याला फोटो द्यायचे आणि ते अभिप्राय द्यायचं. सुरुवातीला ते फार फटकळ होतं. 'क्षितिज तिरपे. चेहरा अंधारात. फोटो काढण्याचे कारण समजले नाही.' रंगाच्या दुकानाचे मालक आणि मंडळाचे अध्यक्ष आण्णा फल्ले यांना हे शेवटचं वाक्य फारच लागलं होतं, कारण फोटो त्यांच्या नातीचा होता. तेव्हापासून यंत्राचं नाव पडलं आत्याबाई. घरात पाऊल ठेवल्याबरोबर कुठल्या कोपऱ्यात धूळ आहे ते बघणारी एक आत्या प्रत्येकाच्या घरी असते.

मग कुमुदिनीबाईंनी आत्याबाईला वळण लावलं. पंधरा दिवस बसून त्यांनी तिला मंडळाचे नियम शिकवले. चूक म्हणायचं नाही, उणीव दाखवायची नाही, माणसाविषयी बोलायचं नाही, सांगायचं ते सुचवणं म्हणून सांगायचं. 'मृदू भाषा' नावाची एक खूण पडद्यावर होती, ती त्यांनी कायमची चालू करून ठेवली. आत्याबाई एकदम मऊ झाली. आण्णांना तर ती आता फारच आवडायला लागली.

आणि मग गणपतीनंतरच्या बैठकीत तो फोटो आला.

घाटात बस चालवणारे सहा घाटचालक त्यांच्या सत्काराच्या दिवशी बससमोर ओळीने उभे होते. खाकी कपडे, गळ्यात हार, चेहऱ्यावर ऊन. फोटो चांगला होता, पण बाईंचा श्वास अडकला तो डाव्या कडेला. तिथून एक हात चौकटीत शिरला होता. फक्त हात, कोपरापासून पुढचा, वर केलेला, हिरव्या बांगड्यांनी भरलेला. बाकीची बाई चौकटीबाहेर.

"या छायाचित्रकाराच्या फोटोंत गेले काही महिने मी एक गोष्ट पाहते आहे," बाई म्हणाल्या होत्या. "डावीकडून नेहमी काहीतरी येत असतं. अर्धा बैल, छत्रीचं टोक, आज हा हात. आपण सगळे चौकट झाडून-पुसून घेतो. हा माणूस जगाला आत येऊ देतो. मी याला नाव देते, येणारी बाजू. हा हात कुणाचा ते फोटो सांगत नाही, आणि हीच त्याची ताकद आहे."

टाळ्या झाल्या. फोटो होता सर्जेराव निकमचा, तो स्वतःही घाटचालकच. सर्जेराव नियमाप्रमाणे गप्प बसून होता, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. चहा देणाऱ्याने डाव्या बाजूने कप पुढे केला तेव्हा तो दचकला आणि कप सांडला. कौतुकाने गडी पार बावरला, असं म्हणून सगळे हसले.

त्या फोटोला वर्षाचा पहिला क्रमांक मिळाला. दिवाळीपर्यंत निम्मं मंडळ डावीकडे अर्धवट माणसं कापायला लागलं होतं.

डिसेंबरातली सहल ठरली तीही सर्जेरावच्याच बसने. कराडहून निघायचं, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा, चिपळूणजवळ खाडीवरचे पक्षी टिपायचे. बस खाजगी कंपनीची, विजेवर चालणारी. सपाटीला ती आपली आपण चालायची, चालकाने नुसतं बसायचं. घाटात मात्र बस चालवणारं ते यंत्र कुचकामी. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला कठडा, दोन्ही इतके जवळ की त्याला क्षणाक्षणाला धोका दिसे आणि ते जागेवर थांबून टुकटुक वाजत राही. म्हणून कायद्याने घाटात माणूस लागायचा. हेळवाकला बस आपोआप थांबायची, चालकाने तळहात चाकाशेजारच्या पट्टीवर टेकवला की ताबा त्याच्याकडे जायचा. असे परवानाधारक घाटचालक या रस्त्याला अकरा उरले होते. सर्जेराव त्यातला एक, एकोणीस वर्षं घाटात काढलेला.

सकाळी सात वाजता बस सुटताना त्याने सगळ्यांना घाटाचा नियम सांगितला. दर वेळी सांगायचा.

"घाट लागला की कुनी बी 'थांबवा' म्हनलं तर मी थांबवनार. का म्हनून न्हाई इचारनार. आधी थांबनार, मग इचारनार. आनि उगंच कुनी म्हनायचं न्हाई. उलटी येत आसंल तर पिशवी घ्या."

बावीस माणसं हसली. बाई तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसल्या आणि आत्याबाईला मांडीवर घेतलं. जानेवारीत मंडळाचं दशकपूर्ती प्रदर्शन होतं. त्यात सर्जेरावचे बारा फोटो 'येणारी बाजू' याच नावाने लागणार होते, आणि पुस्तिकेसाठी त्यांना चार ओळींची तांत्रिक माहिती हवी होती.

पाटण मागे पडलं तेव्हा आत्याबाईने लिहून दिलं: 'डाव्या बाजूविषयीची उदार मोकळीक ही या छायाचित्रकाराची हळूहळू उमलत गेलेली ओळख आहे. त्या बाजूकडेही अधूनमधून स्नेहाने पाहावे, असे सुचवावेसे वाटते.'

बाईंना हसू आलं. हे लग्नपत्रिकेत शोभलं असतं, पुस्तिकेत नाही. त्यांना आकडे हवे होते. त्यांनी दोन वर्षांत पहिल्यांदाच 'मृदू भाषा' बंद केली आणि पुन्हा विचारलं.

उत्तर लगेच आलं.

'एकूण तीनशे चाळीस फोटो तपासले. एकशे बारा फोटोंत बटण दाबण्याआधी उजवीकडून काहीतरी चौकटीत आले. एकशे सात वेळा हाताने दखल घेतली. सत्त्याण्णव फोटोंत डावीकडून आले. हाताने दखल घेतली चार वेळा. ही शैली नाही. शैली निवडलेली असते, आणि निवडताना हात थबकतो. येथे हात थबकत नाही. या माणसाचा मेंदू डाव्या बाजूची नोंद घेत नसावा. वर्षभरापूर्वीच्या फोटोंत असे नव्हते. डॉक्टरांना तातडीने दाखवावे. तोपर्यंत वाहन चालवू नये.'

बाईंनी ते दोनदा वाचलं.

आताचा कुठलाही कॅमेरा नुसता एक क्षण टिपत नाही. बटण दाबण्याआधीची दोन सेकंदं तो गुपचूप साठवून ठेवतो, आणि त्या दोन सेकंदांत हात कुणीकडे किती हलला तेही. फोटो काढताना हात नजरेच्या मागे जातो. उजवीकडून सायकल घुसली की पाव सेकंदात हात सरकतो, नाहीतर बोट थांबतं. आपल्याला ते कळतही नाही. एका फोटोवरून यातलं काही समजणार नाही, पण एकाच माणसाचे तीनशे फोटो एकत्र केले की त्याची नजर कुठे जाते आणि कुठे जात नाही याचा नकाशा तयार होतो. आत्याबाई हाच नकाशा वाचून सल्ला द्यायची. बाईंना हे माहीत होतं. कुठे जात नाही, याचा अर्थ काय होऊ शकतो, हे मात्र त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

त्यांनी विचारलं, डोळे खराब आहेत का?

'डोळे उत्तम असू शकतात. अक्षरांचा फलक तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचेल. मेंदूच्या उजव्या भागात गाठ वाढली किंवा रक्त साकळले, तर काही जणांच्या बाबतीत जगाची डावी बाजू काळी पडत नाही, ती गणतीतूनच जाते. तुम्हाला तुमच्या पाठीमागे अंधार दिसतो का? दिसत नाही. तिथे काहीच नसते, आणि काही नसल्याचे जाणवतही नाही. तसेच. वैद्यकात याला दुर्लक्ष असेच म्हणतात. हे दुर्लक्ष माणूस करत नसतो, म्हणून त्याला ते कळत नाही. कारण लवकर सापडले तर बऱ्याचदा उपचार होतो.'

बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला. हे आधी कधी सांगितलं होतंस?

'सात वेळा.'

खाली सात तारखा होत्या आणि सात वाक्यं. 'डावीकडेही एकदा प्रेमाने पाहावे.' 'डावी बाजू आपली वाट पाहत आहे.' यातली चार वाक्यं बाईंनी बैठकीत स्वतः मोठ्याने वाचून दाखवली होती. लोकांना फार आवडली होती. आत्याबाई ओरडत होती आणि तिच्या तोंडावर मऊ उशी दाबून धरली होती ती कुमुदिनीबाईंनी.

त्या उठून मागे आण्णांकडे गेल्या आणि पाटी त्यांच्या हातात दिली. आण्णांनी चष्मा वर करून वाचलं.

"यंत्र हाय हे बाई," आण्णा हळू आवाजात म्हणाले. "माझ्या नातीला कारण न्हाई म्हनलं होतं ह्यानं."

"आकडे बघा आण्णा. सत्त्याण्णवातले चार."

"बरं, आसंल खरं. पन आता? बावीस मानसांम्होरं त्याला म्हनायचं तुला दिसत न्हाई? जन्माचा खचंल तो. अवो, तुमीच शिकवलंय आमाला, एकट्याला बाजूला घेऊन, गोडीनं, आधी चांगलं ते सांगून मग. परत आल्यावर घरी बोलवू. चहा पाजू. मग सांगू."

"आणि मधे घाट आहे त्याचं?"

आण्णांनी पाटी परत दिली आणि आपल्या बॅगेचा पट्टा घट्ट धरून बसले.

बाई आसनांच्या पाठी धरत पुढे गेल्या. सर्जेराव उजव्या हाताला आपल्या जागेवर बसला होता, हात गुडघ्यांवर, समोर आपोआप फिरणारं चाक. त्या त्याच्या डाव्या खांद्याशी जाऊन उभ्या राहिल्या. वीतभर अंतर. तो समोर बघत गुणगुणत होता. बाईंनी मनात वीस आकडे मोजले. पदर त्याच्या खांद्याला लागत होता तरी त्याने मान वळवली नाही.

"सर्जेराव."

तो केवढ्याने तरी दचकला. "बाई! कवा आलासा? कळलं बी न्हाई मला."

कळणार कसं होतं? तो वाचनालयात चहाला दचकायचा, नाव पुकारल्यावर दचकायचा, जिन्यात दचकायचा. लाजाळू माणूस म्हणून सगळ्यांनी त्याला तसाच धरून ठेवला होता.

"तुमच्या फोटोंविषयी जरा बोलायचं होतं," त्या म्हणाल्या. आणि मग बत्तीस अधिक दहा वर्षांची सवय त्यांच्या जिभेवर चढून बसली. "तुमचं काम फार पुढे गेलंय. रंग, उजेड, सगळं. फक्त... डावीकडे माझी नजर थोडी अडखळते."

सर्जेराव खुलला. "येनारी बाजू! ती तर आपली वळख झाली बाई. डेपोतली पोरं बी तसंच म्हनत्यात, निकम आला, येनारी बाजू आली. तुमच्यामुळं. न्हाईतर आमच्यासारख्याला कोन इचारतंय?"

"ते खरं, पण ती बाजू... फोटो काढताना तुम्हाला ती दिसते का?"

"तुमाला दिसती न्हवं? मग झालं तर." तो हसला आणि मग जरा गंभीर झाला. "घरात मातुर किंमत न्हाई. सत्काराच्या दिवशी शालनला म्हनलं, तेवढी येऊन जा. सगळ्यांच्या बायका आल्या, ही न्हाई. आनि वर म्हनती, आले होते, तुमच्याम्होरं उभी होते, तुमी बघितलं न्हाई. तोंडावर खोटं बोलली बाई. मी बी मग बोललो नको ते. तवापास्नं जेवन वाढती तेवढंच. माझ्याच मानसानं खोटं बोलावं, हे लागतं जिवाला."

बाईंना आता सरळ बोलायला हवं होतं. त्यांना ते समजत होतं. पण घरातली गोष्ट सांगून बसलेल्या त्या माणसाच्या तोंडावर दुसरं काही मारायचं, यासाठी शब्दच सापडेना. त्यांच्याकडे अडखळण्याचे, सुचवण्याचे, वाटण्याचे शब्द होते. जो एक शब्द लागणार होता तो त्यांनी स्वतःच दहा वर्षांपूर्वी बाहेर काढला होता.

बस थांबली आणि तिच्यातून आवाज आला: 'हेळवाक. घाट सुरू. चालकाने ताबा घ्यावा.'

"थांबा सर्जेराव, मला अजून..."

"बसून घ्या बाई, खाली गेल्यावर बोलू निवांत," असं म्हणत त्याने तळहात पट्टीवर टेकवला. एकोणीस वर्षांची सवय, अर्धं सेकंदही लागलं नाही. हिरवा दिवा लागला. कडेच्या धोक्याची टुकटुक घाटापुरती बंद झाली आणि बस रस्त्याला लागली.

बाई बसल्या नाहीत. पुढचा खांब दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या.

पहिलं वळण नीट गेलं. दुसरं उजवीकडचं होतं, तेही त्याने अगदी मऊ घेतलं. सर्जेरावचे हात सुरेख चालत होते, आणि बाईंना वाटलं, आण्णा म्हणतात तेच खरं असेल, यंत्रच वेडं असेल. मग त्यांनी डावीकडे बघितलं. रस्त्याच्या कडेने चुना फासलेले दगड ओळीने होते, त्यापलीकडे धुकं आणि धुक्याखाली दरी. दगड एकेक करून जवळ येत होते. आधी रस्ता दिसत होता आणि मग दगड. आता नुसते दगड दिसत होते. बस सावकाश, अजिबात घाई न करता, डावीकडे सरत होती. सर्जेराव समोर बघत होता. चेहरा शांत होता.

पुढे धुक्यातून नारिंगी काहीतरी उमटलं. रस्त्याचं काम करणारी एक बाई दगडावर बसून भाकरी खात होती, घमेलं शेजारी ठेवून. डावीकडे.

सर्जेरावच्या हातांनी दखल घेतली नाही.

"थांबवा," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

ब्रेक तत्क्षणी लागला. बॅगा पुढे घसरल्या, कुणाचं तरी डोकं आसनावर आपटलं, एक लेन्स घरंगळत पायऱ्यांपर्यंत गेली. बस उभी राहिली. त्या कामकरी बाईचं घमेलं चाकापासून दोन हातांवर होतं. ती भाकरी हातात धरून उठून उभी होती आणि बसकडे बघत होती.

"का थांबवलं?" सर्जेरावने आता विचारलं. आधी थांबला, मग विचारलं.

बाईंनी खांब सोडला नाही.

"तुमच्या फोटोंत चूक आहे," त्या म्हणाल्या.

मागून कुणीतरी श्वास ओढल्याचं ऐकू आलं. मंडळात तो शब्द कुणी ऐकला नव्हता.

"एका फोटोत नाही, सगळ्या फोटोंत एकच. तुम्हाला डावी बाजू दिसत नाही सर्जेराव. ती शैली नाही. आजार आहे. आणि मोठी चूक माझी आहे. मला ती आठ महिने दिसत होती आणि मी तिला नाव दिलं, बक्षीस दिलं. आता गाडी पुढे न्यायची नाही."

सर्जेरावचा चेहरा हळूहळू लाल झाला. "डोळं माझं चांगलं हायत. मार्चात तपासनी झाली. शेवटली वळ वाचली मी."

"डोळे चांगलेच आहेत. खाली उतरा. बसला डावीकडून एक चक्कर मारा."

तो उतरला. उतरला कारण त्याला राग आला होता. बाई मागोमाग गेल्या. बसच्या डाव्या कुशीवर पुढच्या चाकापासून मागच्या दारापर्यंत पांढरे ओरखडे होते, एकावर एक, काही जुने, काही कोरे. सर्जेरावने मान पुरी वळवून, हात लावून बघितलं आणि बोटांवरचा चुना अंगठ्याने चोळला.

"हे कवाचं?"

कामकरी बाईच बोलली. "ह्या म्हैन्यात चारदा गेलासा आसं दगडाला घासून. मी हात करती, तुमी बघत न्हाई."

बाईंनी पाटीवर तो पहिल्या क्रमांकाचा फोटो काढला आणि त्याच्यासमोर धरला. "यात किती जण आहेत, मोजा."

"म्हाईत हाय, सहा."

"माहीत असलेले नकोत. दिसतात ते मोजा. नावं घेऊन."

त्याने बोट ठेवत मोजलं. "हा शिंदे. हा कदम. मुल्लाभाई. हा आमचा यशवंता." बोट थांबलं. तो परत उजवीकडे गेला, परत मोजत आला, परत तिथेच थांबला. "चार. दोघं ऱ्हायलं का हितं?"

चित्र समतोल आहे की नाही हे बघायचं असेल तर ते उलटं धरायचं, हे बाईंनी तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं. सरळ चित्रात माणसाला जे ठाऊक असतं तेच तो बघतो. त्यांनी पाटी गर्रकन फिरवली. घाटचालक डोक्यावर उभे राहिले, पाय आभाळात.

"आता मोजा."

सर्जेरावने मान पुढे केली. "हा बाळू कुठनं आला? हा तर न्हवता. आनि जगन्नाथ. यशवंता. मुल्लाभाई..." तो गोंधळून थांबला. "शिंदे कुठं गेला? कदम कुठं गेला? आत्ता तर होतं हितं."

सर्जेरावने स्वतः पाटी हातात घेतली, सरळ केली, परत उलटी केली, परत सरळ. माणसं येत होती आणि जात होती. त्याच्या कपाळावर घाम आला होता, डिसेंबरच्या धुक्यात. मग पाटी उलटी असताना तो एकदम थबकला. त्याचं बोट अगदी उजव्या कडेला गेलं.

"हा हात कुनाचा?"

बाईंना तो हात पाठ होता. त्यावर त्या सात मिनिटं बोलल्या होत्या. कुणाचा आहे हे विचारावं, असं मात्र त्यांना कधी वाटलं नव्हतं. आणि ज्याने 'कुठला हात?' असं विचारलं असतं, त्याला त्यांच्याच नियमाने गप्प बसवलं होतं.

"ही बांगडी," सर्जेराव म्हणाला. "काचंच्या मधी ही चांदीची. जत्रंत मी घेतलेली." त्याने अंगठ्याने फोटो मोठा केला. "शालन हाय ही."

तो रस्त्याकडेच्या पांढऱ्या दगडावर बसला. आण्णा उतरून आले होते, ते त्याच्या डाव्या बाजूला उभे राहिले, मग काही आठवल्यासारखं करून वळसा घालून उजव्या बाजूला गेले. घाटाखाली पोफळीला असलेल्या दुसऱ्या चालकाला बोलावणं गेलं. तो यायला तासभर लागणार होता. सभासद खाली उतरून धुक्यात घोळके करून उभे राहिले. प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा होता, पण कुणी तो डोळ्याला लावला नाही.

"बाई," सर्जेराव म्हणाला. त्याच्या हातात बसची किल्ली होती, ती त्याने त्यांच्या हातात दिली. "घाटात 'थांब' म्हनत्यात. 'जरा थांबता का' म्हनत न्हाईत. तुमाला म्हाईत न्हवतं का हे?"

"नव्हतं," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "उद्या सकाळी मी तुमच्याबरोबर दवाखान्यात येणार आहे. लवकर कळलं तर उपाय होतो म्हणतात. होईलच असं मी म्हणणार नाही."

"नगाच म्हनू," तो म्हणाला, आणि त्यात राग नव्हता.

त्याने खिशातून फोन काढला. उजव्या कानाला लावला. पलीकडे बराच वेळ वाजत राहिलं. बाई बाजूला जाऊ लागल्या, तर त्याने हाताने त्यांना बसायला सांगितलं. मग फोन उचलला गेला.

"शालन," तो म्हणाला. "न्हाई, गाडी बरी हाय. मी बी बरा हाय. ऐक. त्या दिवशी, सत्काराला, तू आली व्हतीस." त्याने फोन कानाशी घट्ट धरला. "डावीकडं हुबी व्हतीस. हात वर केला व्हतास मला."

त्याने मांडीवरच्या उलट्या फोटोकडे बघितलं.

"आत्ता दिसलीस."